हत्तीच्या पाठीची रेघ

वाघमोडेवस्ती, ता. आष्टी
७ डिसेंबर

मामा,

पाकिटावरचं अक्षर बघून फेकून देऊ नका. मी वर्षाराणी. पाच वर्षांमागं अभिमन्यूदादाच्या लग्नात तुमच्या हाताखाली रंग कालवायला बसलेली अन् निळीचे हात घेऊन तशीच हळदीला गेलेली, तीच. आता बारावी होऊन घरी हाय. मेंढरांमागं जाते.

तुमी आईचा फोन उचलत न्हाई, माजा तर न्हाईच. म्हणून माज्या मैत्रिणीच्या, योगिताच्या भावाकडनं, युवराजकडनं, तुमचा चाकणचा पत्ता काढला. तो म्हणला, मामा कंपनीच्या गेटवर असत्यात, कुणाशी जास्त बोलत न्हाईत. बरं हाय. बोलू नका, वाचा.

कामाचं सांगते. आपल्या थोरलीचं, दिपालीचं लग्न ठरलं. मुलगा शिरूर कासारचा, परमेश्वर नाव, गरीब वाटला. लग्न तीन मेला, आपल्याच दारात. तर आबा म्हणले, आष्टीतनं भिंतीएवढा फ्लेक्स आणतो. मी म्हणले, फ्लेक्स कावून, भिंत रंगवू. आबा म्हणले, 'कोण रंगवतंय? रंगवणारा बसला रुसून.' मी म्हणले, मी रंगवते.

बोलून बसले मामा. आता माघार न्हाई. आबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय, भिंत बघण्यासारखी झाली तर फ्लेक्स न्हाई, न्हाईतर तिच्यावर खिळे ठोकणार.

मागं काय झालं ते मला कुणी सांगायची गरज न्हाई, मी तिथंच होते. दाराच्या दोन्ही अंगाला तुमी हत्ती काढलते, वर कलश, कोपऱ्यात तुमचं नाव. अन् हळदीच्या दिवशी आबांनी पुढाऱ्यांच्या फोटोचा फ्लेक्स आणून त्या हत्तींच्याच अंगात खिळे ठोकले. तुमी ब्रश पुसला, पिशवीत घातला अन् न जेवता गेलात. आईनं तुमचं ताट लई वेळ झाकून ठेवलतं. आबांचं चुकलं. बाप हायत तरी हे मी त्यांच्या तोंडावर म्हणलेय, तर तुमाला सांगायला काय. तो फ्लेक्स आता कोकरांच्या वाड्यावर टाकलाय. पुढारी हात जोडून कोकरांकडं बघत्यात.

पण यात दिपालीनं काय केलंय? मंगलाष्टकाला नवरीमागं मामा उभा राहतो, तिच्यामागं कोण राहणार? ती काही म्हणत न्हाई. मी पण म्हणत न्हाई. मला फक्त रेघ शिकायची हाय.

आत मेंढरांची चित्रं हायत, कॅलेंडरच्या मागच्या अंगाला काढलेली. अन् माज्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट. एक शब्द लिहू नका. नुसत्या चुका दाखवा अन् परत पाठवा. एवढं तर परक्याच्या पोरीसाठी पण कुणी करतं.

तुमची भाची,
वर्षाराणी

५ जानेवारी

मामा,

पाकीट आलं. पोस्टमननं हाक मारली तशी मी मेंढरं सोडून पळाले. तेवढ्यात ती गेली सुनिताकाकीच्या हरभऱ्यात. काकीनं माजा उद्धार केला, पार आजीपर्यंत. ते सोसून पाकीट उघडलं तर आत शब्द एक न्हाई. मी लिहू नका म्हणले म्हणून खरंच लिहायचं न्हाई, असं असतं का? नुसतं लाल पेन. माज्या चित्रापेक्षा लालच जास्त.

लई राग आला. चाकणला बसून उंटावरून शेळ्या हाकताय, असं म्हणून पानं पेटीत टाकली. राग उतरल्यावर परत काढली.

माज्या एकूण एक मेंढराच्या बुडाभोवती तुमी गोल केलाय. मला काही उमगेना. दिपालीनं बघितलं अन् ती हसत खालीच बसली. म्हणली, 'अगं ए, एकाला तरी तोंड हाय का?' खरंच न्हाई मामा. सगळी पाठमोरी. कळायला लागल्यापासनं मी मेंढरांच्या मागनं चालते, मला मेंढरू म्हणलं की त्याचं ढुंगणच दिसतं. कोपऱ्यात तुमी मान वळवून बघणारं एक मेंढरू काढलंय, चार रेघांत. आई ते बघून म्हणली, 'ही तर आपली कानी.' कानी तुमी गेल्यावर मेली. तुमाला तिचा फाटका कान अजून ध्यानात हाय. आईनं ते पान माज्याकडनं मागून घेतलं अन् देवाजवळ ठेवलं.

दुसरी खूण कळली. माजी रेघ केसाळ हाय. भीत भीत मी तुकडे जोडते, त्याची लोकर होते. मेंढराला ते खपून जातं, हत्तीला न्हाई खपायचं.

तिसरी कळायला उशीर लागला. तुमी एक हात काढलाय अन् खांद्यावर गोल केलाय. आई म्हणली, 'खांदा दुखतो का विचारतोय गं तुजा मामा.' अन् रोज सांजच्याला माज्या खांद्याला तेल चोळायला बसली. मी पण चोळून घेतलं, बरं वाटत होतं. मग एक दिवस गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं मोठी रेघ ओढायला गेले अन् मनगट अडलं. हात पुरेना. कोपर सोडलं, तरी पुरेना. सगळा हात खांद्यापासनं फिरवला तर रेघ पार कोपऱ्यापर्यंत गेली, न थांबता. मी तिथंच उभी राहून हसले. आईला सांगितलं तर म्हणली, 'म्हंजे माजं तेल वाया गेलं म्हणायचं.'

नवी पानं पाठवते. यातली मेंढरं तोंडाची हायत.

वर्षाराणी

११ फेब्रुवारी

मामा,

यावेळेस तुमी चित्राला हात लावला न्हाई, जिथं जिथं मी खोडलंय तिथं तिथं खुणा केल्यात. पान उन्हात धरून बघितलं असणार तुमी. मला वाटलतं खोडलेलं कुणाला दिसत न्हाई.

खोडरबर मी त्याच दिवशी फेकलं. एका कोकरानं ते खाल्लं अन् आबांनी मला शिव्या घातल्या. कोकरू धड हाय.

मग तुमचं एक आठवलं. रंग कालवताना माज्या हातनं तुमच्या कलशावर निळीचा ठिपका उडालता. मी रडकुंडीला आले तर तुमी म्हणलात, 'चुकलेली रेघ पुसायची न्हाई पोरी, तिला कामाला लावायची.' अन् त्या ठिपक्याचा मोर केला. मला तवा वाटलं तुमी म्हंजे जादूगार. आता वाटतं, तुमी पण मनात घाबरला असणार.

सराव चालू हाय. मेंढरं चरत असली की मी काठीनं मातीत रेघा ओढते. सरळ, कमानीची, लांब. मेंढरं त्यावरनं चालत जात्यात, परत ओढते. गावातली पोरं मला 'रेघावाली' म्हणत्यात. म्हणू द्या.

एक सांगायचं न्हाई असं ठरवलतं. परवा आईनं भिंत धुतली. ओल्या भिंतीतनं तुमच्या हत्तीची पाठ वर आली, चुन्याच्या थरांखालनं, पुसट. आई म्हणली, 'हेच गिरव की, कोण बघतंय.' दिपाली पण म्हणली. क्षणभर माज्या मनात पण आलं. पण गिरवलेल्या रेघेला कोण विचारतं? आबा पहिलं त्यावरच बोट ठेवतील. मी वरनं चुना मारला, दोन हात. मारताना जीव तुटला, पण मारला.

अन् हे पण सांगते. दिपाली रडते. लग्नाचा काही विषय निघाला की उठून गोठ्यात जाते. ती काही म्हणत न्हाई, हे पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलतं.

आबा पोस्टमनची वाट बघत्यात. विचारत न्हाईत. नुसतं 'आज मंगळवार का?' असं म्हणत्यात, टपालाचा वार म्हणून.

वर्षाराणी

२४ मार्च

मामा,

आज मी भांडायला बसलेय.

योगिता कारखान्यावरनं आली. आई-बापाबरोबर ऊस तोडायला गेलती, चार महिने. हात बघवत न्हाईत तिचे. मी तिला गोठ्याची भिंत दाखवली, हत्तीच्या पाठीची रेघ कशी एका दमात ओढायची ते समजावलं. गुरू झाले ना मी. तिनं ऐकून घेतलं, कोळसा उचलला अन् ओढली. सपकन. हत्ती कमी अन् डुक्कर जास्त दिसत होतं, पण रेघ मामा, रेघ अशी की मी बोटानं चाचपून बघितली. एवढ्या महिन्यांत माज्याच्यानं तशी एक न्हाई निघाली.

म्हणून दोघींची पानं पाठवली. तिच्या पानाला तुमची एक खूण. माजं पान मात्र लालेलाल. भाची मी का ती? पाय बरोबर हायत, सोंड बरोबर हाय, तरी पाठीच्या रेघेवर मधे मधे बाण कावून काढलेत? मी ते पान योगिताच्या अंगावर फेकलं अन् म्हणले, 'जा, तूच काढ भिंत.'

तिनं पान उचललं, नीट बघितलं. म्हणली, 'जिथं जिथं बाण हाय तिथं तुजी रेघ थांबलीय. तिथं तू वर बघितलंस.' मी म्हणले, कुठं बघितलं? तर म्हणली, 'आबा बघत्यात का ते. मी बघते ना तुला. उसावर कोयता घालताना मी कोयत्याकडं बघत न्हाई अन् मुकादमाकडं पण न्हाई. घाव जिथं पडायचा तिथं बघते. तू शेपटीकडं बघ की.'

मामा, मला ते लागलं. कारण खरं होतं. मी भिंतीसमोर उभी राहिले की मला हत्ती दिसत न्हाई, आबांच्या हातातला हातोडा दिसतो.

आता शेपटीच्या जागी आधी एक ठिपका देते अन् त्याच्याकडंच बघत रेघ ओढते. योगिता मागं उभी राहते अन् मी थांबले की पाठीत बुक्की घालते. तुमच्या लाल पेनापेक्षा ते जास्त लागतं. सोबतच्या पानावर बघा, एकाही रेघेत बुक्की न्हाई.

माफी मागत न्हाई. भाची मीच हाय.

वर्षाराणी

२६ एप्रिल

मामा,

भिंत झाली. सगळं सांगते, मधे उठू नका.

सकाळीच सुरू केलं. आबा समोर बाजेवर बसले, खांद्यावर घोंगडी, हातात मोबाईल. आष्टीचा फ्लेक्सवाला आजच शेवटचं विचारणार होता. आई, दिपाली दारात. योगिता मागं, बुक्की तयार ठेवून.

डाव्या अंगाचा हत्ती निघाला. गेरूत ब्रश बुडवला, शेपटीचा ठिपका दिला, कपाळापासनं खांद्यानं हात सोडला अन् रेघ गेली ती शेपटीलाच थांबली. योगितानं पाठीवरनं हात फिरवला फक्त. त्याला झूल घातली, लाल-पिवळी.

उजवा काढत होते. अर्ध्या पाठीवर आले अन् आबांचा फोन वाजला, ते मोठ्या आवाजाचं गाणं. हात दचकला. पाठीत हा एवढा खळगा पडला. म्हातारं गाढव बसल्यासारखा हत्ती. आबांनी फोन कानाला लावला, म्हणले, 'थांब रं, सांगतो.' अन् भिंतीकडं बघत राहिले.

दिपालीनं तोंडाला पदर लावलता. आई चुन्याची बादली घेऊन पुढं आली, म्हणली पुसून टाक, मी मारते वरनं. मी म्हणले, पुसायचं न्हाई. आवाज चढवूनच म्हणले. आईवर एवढी कधी ओरडले न्हाई.

मग खळग्याकडं बघितलं. त्यात काहीतरी ठेवलेलं असावं, असं ते दिसत होतं. अन् समोर आबांच्या खांद्यावर घोंगडी. मी काजळीत ब्रश बुडवला अन् त्या खळग्यातनंच घडी सोडली, पार हत्तीच्या पोटापर्यंत. काळी घोंगडी, कडेला पांढरे पट्टे. खळगा घडीत गेला. म्हंजे आता एका हत्तीवर जरीची झूल अन् दुसऱ्यावर आपली घोंगडी. असा हत्ती कुणी बघितला नसेल.

आबा उठले. फोन कानालाच. भिंतीजवळ आले, घोंगडीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं अन् म्हणले, 'दशा राहिल्या की.' मी म्हणले, काढते. त्यांनी स्वतःच्या घोंगडीच्या दशा, ते कडेचे लोंबते दोरे, पुढं धरल्या, बघून काढ म्हणले. मी एक एक दोरा काढला, आबा तसेच धरून उभे. मग फोनमधी म्हणले, 'न्हाई बाबा, फ्लेक्स न्हाई. आमच्याकडं भिंत हाय.'

खाली पायाशी मेंढरं काढलीत, दाराकडं निघालेली. पाठमोरीच, मला तशीच आवडत्यात. शेवटची तेवढी मान वळवून रस्त्याकडं बघतेय. तिचा कान फाटका हाय.

उजव्या कोपऱ्यात खाली तुमचं नाव असायचं. तो कोपरा रिकामा ठेवलाय. आबांनी विचारलं, नाव कुणाचं? मी म्हणले, तिथं मामाच लिहील, न्हाईतर राहील तसाच.

पत्रिका पाठवत न्हाई. मामाला बोलवायला जावं लागतं. आबा म्हणले, मी जातो. शुक्रवारी आष्टीवरनं एसटीनं निघत्यात. ते माफी मागणार न्हाईत मामा, त्यांना ते येत न्हाई. दारात उभे राहतील अन् उन्हाबद्दल बोलतील. तुमी त्यांना पाणी द्या अन् त्यांच्याबरोबर निघा. दिपालीसाठी या. माज्यासाठी पण या. मला तुमची लई आठवण येते, हे आधीच्या एकाही पत्रात लिहिलं न्हाई, आता लिहिते.

वर्षाराणी

९ मे

मामा,

पोचलात का नीट? आई विचारतेय, भाकरी एसटीत खाल्ल्या का तशाच नेल्या.

तुमी दिपालीच्या मागं उभे राहिलात ते मी बघितलंच न्हाई धड. डोळ्यांत पाणी, त्यात अक्षता. योगिता सांगत होती, मामा मंगलाष्टकं संपेस्तोवर हलले न्हाईत. अन् आबांनी तुमचं ताट भिंतीखालीच मांडलं, हत्तीसमोर, स्वतः वाढलं. तुमी दोनदा भात घेतलात. आई आल्यागेल्याला तेवढंच सांगत सुटलीय. दिपालीच्या सासरबद्दल विचारलं तरी ती तुमच्या भातावर येते.

आता खरं सांगायचं ते. तुमी गेल्यावर मंडप सोडला. कनात बाजूला केली अन् मला कोपरा दिसला. वरातीच्या गडबडीत तुमी कधी ब्रश धरला कुणास ठाऊक. 'पेंटर वर्षाराणी.'

डिसेंबरपासनं मी तुमच्या एका शब्दाची वाट बघत होते मामा. लिहू नका म्हणले तरी बघत होते. मिळाले ते दोन, अन् तेही माज्या नावाचे, तुमच्या जागेवर. मी भिंतीला टेकून रडले. आबा आले, वाचलं, अन् आत गेले. मग आतनं चष्मा घालून आले अन् परत वाचलं.

रडून झाल्यावर मी पण नीट बघितलं. अन् आता ऐका.

अक्षरांच्या डोक्यावरची रेघ थरथरलीय. 'पें'पासनं निघाली, 'ट'वर थांबली, 'व'वर परत थांबली, अन् 'णी'ची वेलांटी तर पार केसाळ. तुकडे तुकडे जोडलेत. तुमाला वाटलं असेल कुणाला दिसणार न्हाई. पाच वर्षं ब्रश धरला न्हाई की असंच होतं. मी ती भिंतीवरची पुसणार न्हाई, पण खपवून पण घेणार न्हाई.

तुमचं अक्षर हुबेहूब पानावर उतरवून सोबत पाठवलंय. लाल खुणा बघा. बाजूला एक हात काढलाय अन् खांद्यावर गोल केलाय. त्याचा अर्थ तुमाला सांगायला नको. आईनं तेलाची बाटली पण पाठव म्हणलंय, पाकिटात बसत न्हाई.

तलवाड्याच्या पाव्हण्यांनी आपली भिंत बघून त्यांच्या पोरीच्या लग्नाची सांगितलीय, तुळशीचं लग्न झाल्यावर. योगिता तवा कारखान्यावर असणार. दोन हत्ती हायत, मी एकच काढणार. दुसऱ्याला तुमी लागताय. हात बसायला तोवर पुरेसा वेळ हाय.

माज्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट आत हाय. शब्द लिहू नका. नुसत्या रेघा ओढा अन् परत पाठवा, चुका मी दाखवते.

तुमची भाची,
पेंटर वर्षाराणी